तुरुंगाचा दाखला

आमच्याकडे माणसावर विश्वास ठेवायची पद्धत नाही, दाखल्यावर आहे. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. माझ्या धाकट्या भावाच्या सासऱ्यांनी तर हयातभर तलाठ्याची नोकरी केलेली. त्यांनी जावयाकडे तुरुंगात राहिल्याचा दाखला मागितला. हसू नका. तो दाखला मी स्वतः ओमानहून आणला.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मी मस्कतला एका कंपनीत स्टोअरकीपर होतो, राहायला वादी अदाईत. भाऊ लांब सूर शहरात, फर्निचरच्या कारखान्यात सुतार. एकदा कारखान्याचा ड्रायव्हर सुट्टीवर गेला आणि भावाच्या अर्बाबने, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो आला होता त्या मालकाने, पिकअपची किल्ली याच्या हातात दिली. “यल्ला, कपाटं पोचवून ये.” लायसन्स नाही, म्हणून याने नकाराची मान हलवली. अर्बाब म्हणाला, “इन्शाल्ला काही होत नाही.” झालं. बाजाराच्या वळणावर एका म्हाताऱ्याला धक्का लागला, पाय मोडला. भावाला शिक्षा झाली आणि शिक्षा संपल्यावर थेट विमानात बसवून घरी पाठवलं.

आत असताना त्याचा मला एकच निरोप होता: घरी कळवू नकोस. मग मी फोनवर सांगत राहिलो की साइट लांब वाळवंटात आहे, तिथे फोन नाही. सगळ्यांना ते पटलं! तो घरी आला आणि खरं सांगितलं, ते मात्र कुणाला पटेना. नवऱ्याचा फोन नाही, पत्र नाही, म्हणून त्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी गेली होती. सासऱ्यांनी तिला तिथेच ठेवून घेतलं. त्यांचं ठरलेलं: जावयाने तिकडे दुसरी बाई ठेवली, ती सोडून गेली, आता तुरुंगाच्या गोष्टी सांगतोय. पासपोर्टावर शिक्का होता, पण तो अरबीत. तलाठीबुवांनी तो उलटासुलटा पाहिला आणि बाजूला सारला.

बरं, एवढ्यावर थांबावं? नाही. त्यांनी मस्कतमधल्या एका साहेबांना पत्र टाकलं. साहेब त्यांच्याच तालुक्यातले, मोठ्या हुद्द्यावर, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेत सोवळं नेसून बसणारे. साहेबांचं उत्तर गेलं: “माझ्या ओळखीतून सखोल चौकशी केली. सूर येथे अशा इसमाच्या अटकेची कोणतीही नोंद आढळली नाही.” ते पत्र मिळताच सासरे कुडाळच्या वकिलाकडे गेले, सोडचिठ्ठीचं विचारायला.

मी साहेबांच्या घरी गेलो. एसीत थंडगार दिवाणखाना, समोर सरबत.

“साहेब, सूरला तुम्ही कुणाला विचारलंत?”

“अहो, तसं रेकॉर्ड कुणालाही बघायला मिळत नाही. इथे भारतासारखं नाही.”

“मग नोंद नाही असं कसं लिहिलंत?”

“आढळली नाही असं लिहिलंय. शब्द नीट वाचा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने सोफ्यावरून बूड हलवलं नव्हतं, साधा फोन फिरवला नव्हता, आणि एका बाईचा संसार मोडायला निघाला होता. वर मला म्हणतो कसा, “या मजूर लोकांच्या भानगडीत मंडळाचं नाव नको.” हे मंडळ! मोदकाला, नाटकाला, हळदीकुंकवाला मराठी बाणा, आणि आपला माणूस आत गेला की तो मजूर. सरबत तसंच ठेवून मी उठलो.

शुक्रवारच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि सूरला गेलो. किनाऱ्याचा नवा रस्ता तेव्हा झाला नव्हता. आतल्या डोंगरातून, इब्रावरून जावं लागे, आणि बसमधून उतरेपर्यंत पाठीचा भुगा व्हायचा. पोलीस ठाण्यात मोडकं हिंदी बोलणारा एक अधिकारी होता. त्याने बसवलं, काहवा म्हणजे त्यांची कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं.

“तू कोण त्याचा?”

“थोरला भाऊ.”

“तरी नाही सांगणार. त्याने लिहून दिलं पाहिजे की माझा कागद याला द्या. त्याची लाज त्याची आहे, बाजाराची नाही. शिक्षा भोगली, खलास.”

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. परमुलखातला पोलीस माझ्या भावाची अब्रू झाकत होता, आणि घरचे लोक ती उघडी करून मागत होते.

भावाला संमतीचा कागद पाठव म्हणून फोन केला. तो भडकला. “मी सांगलंय तां खोटां, आणि शिक्को मारलो काय खरां?” त्याचं चुकीचं नव्हतं. एकदा तो सासुरवाडीला गेला होता, सासऱ्यांनी खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच परत पाठवलं होतं. त्यानंतर उंबरा चढणार नाही म्हणून हा हट्टाला पेटलेला. शेवटी मी पोरीची आठवण करून दिली. ती रांगायला लागली असेल आणि तिला बाप कोण ते माहीत नाही, म्हटलं. मग त्याने कागद पाठवला.

पुन्हा सूर. टायपिंगच्या दुकानात अर्ज अरबीत करून घेतला. त्यावर अर्बाबची सही लागत होती. मला वाटलं, हा हात वर करणार. पण तो स्वतः गाडी काढून ठाण्यात आला, वाटेत दोनदा म्हणाला, “किल्ली मी दिली होती.” आमच्या साहेबांना एवढंही कधी तोंडातून काढता आलं नसतं. अधिकाऱ्याने शिक्का मारला, कागद हातात दिला आणि हसला.

“लोक इथे येतात ते आमच्यावर गुन्हा नाही असं लिहून घ्यायला. गुन्हा आहे असं लिहून मागणारा तू पहिला.”

“आमचे पाहुणे तसे आहेत,” मी म्हटलं.

कागदाचं इंग्रजी करून घेतलं आणि पुढच्या सुट्टीत, घरी बॅग टाकून, तडक भावाच्या सासुरवाडीला गेलो. तलाठीबुवा खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. चष्मा लावला. शिक्का बोटाने चाचपला, कागद उजेडात धरला, पाठीमागून पाहिला. एखाद्या सातबाऱ्यावर वारसाची नोंद तपासावी तसे. पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे आला नाही.

“म्हणजे हा खरोखरच तुरुंगात होता.”

“तेच तो पहिल्या दिवसापासून सांगतोय.”

कागदाची नीट घडी घालून ते म्हणाले, “मग आता कैद्याच्या घरात मुलगी कशी पाठवायची, तुम्हीच सांगा.”

माझी जीभ अशी सुटली की वाडीतली माणसं कुंपणाच्या गडग्यावर येऊन उभी राहिली. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हातारा ढिम्म. दाखला मांडीवर ठेवून शांत बसून होता, सरकारी कचेरीत समोरचा ओरडत असताना बसायची सवयच होती त्याला.

तेवढ्यात भावजय बाहेर आली. कडेवर पोरगी, हातात पिशवी. बापाकडे तिने पाहिलंही नाही. “भावजी, चला,” एवढं म्हणून ती पायऱ्या उतरायला लागली. मागून तलाठीबुवा ओरडले, “अगो, खंय चाललंस? लोक काय म्हणतले?” ती थांबली नाही.

पाणंदीत मी तिला गाठलं. मनातून फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, “बघ, कागद आणला म्हणून सुटलीस. नाहीतर तुझा विश्वास बसला नसता.”

ती वळली. एवढी शांत बाई, पण डोळ्यांत अंगार.

“माझो इश्वास पयल्यापासून होतो. ते खोटां बोलूचे नाय, माका म्हायत नाय?”

“मग आली का नाहीस इतके दिवस?”

“माका इचारूक कोण इल्लो? ते एकदा इले ते बापाशीकडेच बोलान गेले. तुमी दर्यापलीकडच्या पोलिसाक इचारलात. मी हयच होतंय.”

ती पोरगीला घेऊन तिठ्यापर्यंत माझ्या पुढे चालत राहिली. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी ती मागे जाऊन बसली.