सुमनताई रस्ता कानाने ओलांडायच्या

माझ्या जावेला ज्या गाडीने उडवलं, तिच्या पुढे माझ्या मुलाची गाडी होती.

गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मीच लिहिते. कोणी इनबॉक्समध्ये येऊन हळूच विचारायची गरज नाही.

आज सुमनताईंना जाऊन वर्ष झालं.

ताई माझी मोठी जाऊ. माहेर कोसबाडचं. मी डहाणूला बँकेत, त्यामुळे माझ्या पार्थला वाढवलं ते त्यांनीच. त्यांना मूलबाळ नव्हतं. तो मला आई म्हणायचा, त्यांना मोठी आई. भूक लागली की हाक मात्र मोठ्या आईलाच.

आमची चिकूची वाडी रस्त्याच्या एका बाजूला आणि माल निवडायची शेड दुसऱ्या बाजूला. दिवसभर डोक्यावर टोपल्या घेऊन इकडून तिकडे जायचं.

भरलेली टोपली डोक्यावर असली की मान वळत नाही.

म्हणून आमच्याकडच्या बायका रस्ता कानाने ओलांडतात. आवाज जवळ आला की थांबायचं, आवाज पुढे गेला की निघायचं. मला ताईंनीच शिकवलं. नवी नवरी होते, सारखी मान वळवायचे आणि सगळे चिकू रस्त्यावर. ताई हसून हसून खाली बसायच्या.

पार्थने सेकंडहँड गाडी घेतली. मग गुजरात बॉर्डरपलीकडे जाऊन सायलेन्सर बदलून आणला, आणखी काय काय डोंबल केलं. अंगणात पहिल्यांदा स्टार्ट केली तेव्हा ओट्यावरचं मांजर जे पळालं, ते जेवायच्या वेळीच परत आलं. मी कडाडले. ताईंनी त्याचीच बाजू घेतली.

"असू दे गं. आवाज आहे म्हणून लांबून कळतं तरी, आपला पोरगा येतोय."

त्याच गाडीत बसून चारोटीला जाऊन वडे खाऊन आल्या. म्हणाल्या, पाठ मोडली, पण मजा आली.

रविवारी दुपारी आमच्या रस्त्यावर बाहेरच्या गाड्या येतात. समुद्र बघायला कमी, रस्ता सरळ आहे म्हणून जास्त.

त्या रविवारी ताई टोपली घेऊन कडेला उभ्या होत्या. पार्थची गाडी गेली. शेडमधल्या बाया सांगतात, आवाज ओळखून ताई हसल्या, आपलाच म्हणाल्या आणि निघाल्या.

मागे दुसरी गाडी होती.

तिचा आवाज पार्थच्या गाडीच्या आवाजात बुडून गेला होता.

पुढचं मी लिहीत नाही.

मागच्या गाडीवाल्यावर केस झाली. पार्थला सायलेन्सरचा दंड झाला, तेवढंच. त्याने पोलिसांना सांगितलं, मी रेस लावली नव्हती, तो आपणहून मागे लागला. ताईंना अग्नी पार्थनेच दिला.

खरंच लावली नव्हतीस का, हे मी त्याला विचारू शकले नाही. बँकेत दिवसभर लोकांना प्रश्न विचारते. घरी त्याला भात वाढताना आमटी हवी का, एवढंच विचारायचे. तो हो म्हणाला असता तर मी काय करणार होते?

गेल्या आठवड्यात पोलिसांनी आसपासच्या गावांची मीटिंग घेतली. विषय हाच, असल्या गाड्या आणि रेस. कोणी म्हणे दंड वाढवा, कोणी म्हणे गाडीच जप्त करा, लायसन्स रद्द करा. पोरं भडकली. म्हणाली, मॉडिफाय करणारा प्रत्येक जण रेसर नसतो. उलट आवाजाने माणूस सावध होतो.

ताईंचंच वाक्य.

मग ताईंचे भाऊ उठले. कोसबाडचे दादा, एरवी चार शब्द बोलतील तर शपथ. म्हणाले, धडकतो त्यालाच का धरता? रेस काय एकट्याची होते? पुढच्यालाही तीच शिक्षा ठेवा.

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. पार्थ माझ्या शेजारी होता. मी त्याचं मनगट धरून ठेवलं. नखं रुतली असतील त्याला. तो उठलाच.

"पुढची गाडी माझी होती. तो मला आरशात दिसत होता. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही, दाबला."

दादा तोंडावर हात घेऊन खाली बसले. साहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला बोलावलं.

जबाब झाला. पुढे काय होईल माहीत नाही. वकील म्हणतात, गप्प बसला असता तर निभावलं असतं. मलाही तेच वाटतं, आई आहे मी. आणि असं वाटल्याबरोबर ताईंचा हसरा चेहरा समोर येतो, मग मला माझीच भीती वाटते.

फाटक वाजलं तरी दचकते. रस्त्यावर तसला आवाज आला की हातातलं काम सुटतं. बाहेर कोण चाललंय आणि आत कोणाचा पोरगा बसलाय, दोघांसाठी छाती धडधडते.

आज वर्षश्राद्ध झालं. कावळ्याचं पान वाडीत ठेवायला पार्थ निघाला आणि रस्त्याच्या कडेला थांबला. रस्ता मोकळा होता. तरी इकडे बघे, तिकडे बघे, पाऊलच टाकेना.

मी जाऊन त्याचा हात धरला. ताई, तो लहान असताना तुम्ही धरायचात ना, तसा. मग ओलांडला आम्ही रस्ता.

त्याला शिक्षा होऊ नये असं वाटतं, ताई. पण देवापुढे हात जोडले की ते मागता येत नाही. मागितलं तर तुमच्याविरुद्ध मागितल्यासारखं होतं.

आणि तुम्ही असतात तर आजही त्याचीच बाजू घेतली असतीत. ते माहीत आहे म्हणून तर जास्त रडू येतं.

पानाला कावळा लगेच शिवला.

ताई, आमचा दोघांचा नमस्कार घ्या.