धवल्यांवर चढवलेली गाणी

धनेशने पिशवीतून व्हिडिओ कॅसेट काढून टेबलावर ठेवली आणि ताजुद्दीनची नजर लेबलावर गेली. वरचं अक्षर त्याचंच होतं.

रबाळ्याकडच्या खाडीगावांतली लग्नांचे व्हिडिओ एके काळी तोच काढायचा. पुढे कॅसेटी गेल्या, लग्नं मोबाइलवर आली. आता कामोठ्यातल्या गाळ्यात बसून तो जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देतो.

"ताईच्या लग्नाची हाय, ताजूचाचा," धनेश म्हणाला. "आईचे धवले हायत यात. आता माझ्या पोरीचं लगीन आलं, नि हिला निम्मे आठवत नाय."

आई, भागीरथी, शेजारी खुर्चीत बसली होती. ती गावची धवलारीण, लग्नाच्या विधींची जुनी गाणी म्हणजे धवले म्हणणारी. तिने धवले म्हटल्याशिवाय गावातलं लग्न पुढे सरकत नसे. तिच्यामागे कुणी शिकलं नाही, कुणी लिहून घेतलं नाही.

ताजुद्दीनने कॅसेटची झडप उघडली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी. पण त्याला भीती निराळीच होती. त्या काळी लग्नावर सिनेमाची गाणी चढवायची रीत होती, आणि मूळ आवाज पुसल्याशिवाय गाणं बसत नसे. म्हाताऱ्यांचं रडगाणं कोण ऐकणार, असं तोही म्हणायचा. या कॅसेटवर काय केलं होतं, ते आठवत नाही असं तो स्वतःला सांगत राहिला.

फीत पुसून त्याने यंत्रात घातली. जुन्या टीव्हीवर मांडव आला. काळ्याभोर केसांच्या भागीरथीने तोंड उघडलं आणि सिनेमातलं प्रेमगीत सुरू झालं.

धनेश त्याच्याकडे बघत राहिला. ताजुद्दीनने मान खाली घातली.

"मेली हिरॉइन माझ्या तोंडानं गाते," भागीरथी म्हणाली. "तवा आमीच खूश झालतो रं. बंद कर तिला."

त्याने आवाज बंद केला. भागीरथी पडद्यावरचे स्वतःचे ओठ निरखू लागली, आणि हळूहळू, त्यांच्या मागे मागे, गाऊ लागली. ताजुद्दीनने लगबगीने माइक तिच्यापुढे ठेवला. एकेक धवला निघत गेला. मग नवरीला मांडवात आणताना चित्रावर मुंग्या आल्या आणि ती थांबली.

"ह्योच येत नाय. मागं घे."

त्याने संगणकावर सोबतच उतरत गेलेला भाग लावला. तिथे नुसता निळा पडदा. चित्र फाटलं की संगणक ते घेतच नाही. जुन्या टीव्हीवर निदान मुंग्यांआड तोंड हलताना दिसत होतं.

"फीत परत लावायला लागंल," ताजुद्दीन म्हणाला. "पण तिच्यावरचा लेप सुटत चाललाय. ती अडकली तर पुढची, अजून न उतरलेली पाठवणी गेली."

"पाठवणीत ताई हाय, आये," धनेश म्हणाला.

"ताई नेरूळला हाय, जिती. लाव रं."

त्याने फीत मागे घेतली. बोट बंदच्या बटणावर. मुंग्या आल्या, त्यांच्याआड तोंड हललं. भागीरथी पुढे झुकली, एक शब्द चाचपला, टाकला, दुसरा धरला. डोळे मिटून गाऊ लागली.

यंत्रात बारीक चर्र झालं. फीत चाकात गुंडाळली जात होती. आत्ता बटण दाबलं तर अजून वाचली असती. पण ते बटण खाडकन वाजे, आणि माइक चालू होता.

त्याने बोट उचललं. पडदा पांढरा झाला. भागीरथी गात होती.