कोठीतली पिल्लं

किनवटच्या जंगलात दरवर्षी आमच्या शाळेचं शिबिर भरतं. पत्र्याच्या दोन खोल्या, मागं भांडी-गाद्या ठेवायची कोठी आणि एक हापसा, एवढंच तिथं आहे. पावसाळ्याआधी कुलूप घालायचं आणि फाल्गुनात, मुलं यायच्या आधी, जाऊन सगळं उघडायचं, हे काम माझ्याकडं. त्या वर्षी सोबत आक्का होत्या, माझ्या थोरल्या नणंदबाई. चाकूरची शेती एकटीनं बघणारी बाई. शिबिराच्या स्वयंपाकाला यायला तयार होत्या, पण चूल आधी डोळ्यानं बघायची म्हणाल्या.

टेंपोवाला आम्हाला सकाळी सोडून गेला. संध्याकाळी न्यायला येणार होता. सागाची पानं झडून गेली होती, चालताना पायाखाली मोठमोठ्यानं वाजायची. मोहाची फुलं पडायला लागली होती आणि त्यांचा गोड, आंबूस वास सगळीकडं भरून राहिला होता. मी पुढची खोली उघडली. सतरंज्यांना वाळवी लागली होती. त्या झटकत होते, तोवर आक्का खराटा घेऊन मागं गेल्या.

थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. कोठीचं कुलूप जागच्या जागी होतं, पण मागच्या बाजूचा पत्रा वाकून मोठी फट पडली होती. आक्का अर्ध्या आत वाकल्या होत्या.

"वैनी, कुत्रीनं पिल्लं घातली बघ."

फाटलेल्या गाद्यांच्या कापसात दोन काळी पिल्लं एकमेकांना चिकटून झोपली होती. आक्कांचा हात एकाच्या पाठीवर होता. ते कुरकुरलं, पंजा ताणला, आणि मला त्याची नखं दिसली. पांढरट, वाकडी, माझ्या बोटाच्या पेराएवढी. कुत्र्याला अशी नखं नसतात, एवढंच डोक्यात आलं. मी आक्कांचा पदर धरून ओढलं. त्या काहीतरी विचारत होत्या, मी तशीच त्यांना खोलीकडं ओढत नेलं.

खोलीच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा नाल्याकडून वाळक्या पानांचा आवाज आला. अस्वल होतं. पळत नव्हतं, डोकं खाली घालून सरळ कोठीकडं येत होतं. आम्ही आत शिरून कडी घातली.

ते कोठीत जाऊन आलं आणि मग आमच्या दाराशी आलं. आक्का दाराला पाठ लावून खाली बसल्या होत्या. दाराखालच्या फटीतून ते वास घेत होतं, जोरात, लोहाराच्या भात्यासारखं, आणि प्रत्येक श्वासाबरोबर आतली धूळ उडून आक्कांच्या लुगड्यावर बसत होती. आक्का "शिव शिव" म्हणत होत्या, आवाज न करता, नुसते ओठ हलत होते. मोबाइलला रेंज नव्हती. मी भिंतीला टेकून उभी होते.

दुपार कलल्यावर बाहेर शांत झालं. बराच वेळ हललो नाही. मग खिडकीच्या गजांतून बघितलं तर अस्वल नाल्याकडं उतरत होतं आणि दोन्ही पिल्लं त्याच्या पाठीवर, केस घट्ट धरून बसली होती. आक्काही उठून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

टेंपोचा आवाज आला तरी कडी काढायला माझा हात होईना. टेंपोवाल्यानं बाहेरून पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा कुठं दार उघडलं. आक्कांच्या मुठीत अजून खराटा होता. त्यांना तो सोडता येईना, बोटं आखडली होती. मी एकेक बोट उलगडलं.

नाक्यावरच्या वनरक्षकाला सांगितलं. मोह पडतोय तोवर फुलं खायला अस्वलं येणारच, तिकडं फिरकू नका, म्हणाला. त्या वर्षीचं शिबिर आम्ही जवळच्या गावातल्या शाळेत घेतलं. आक्का आल्या, स्वयंपाकही केला, पण मुलांना यातलं काही सांगू नको, असं मला बजावलं.

परतीच्या रेल्वेत मात्र त्या आपला तळहात बघत बसल्या होत्या.

"लई गरम होतं गं," त्या म्हणाल्या. "लेकरावानी."