शिरडवरून जाणारी रेघ

काल गाडीच्या टपावर गारा तडतडल्या आणि माझा हात आपोआप डोक्यावर गेला. कित्येक वर्षांपूर्वी गारपीट झाली, त्या दिवशी माझा तर ओठ फुटला होता. तरी हात डोक्यावरच जातो.

तेव्हा मी खासगी हेलिकॉप्टरांच्या कंपनीत नवा होतो. घरातला पहिला पदवीधर. सॉफ्टवेअरवर उड्डाणाचा मार्ग कसा आखतात, हे बाबांना समजावताना म्हणालो होतो, "उद्या जवळा बाजारहून नांदेडला जाताना माझी रेघ आपल्या शिरडवरून जाईल, बघा."

दुसऱ्या दिवशी जवळा बाजारच्या मैदानावर स्वच्छ ऊन होतं. लॅपटॉपवर सरळ निळी रेघ. इथली सभा उरकून नांदेडच्या सभेला निघालेले पुढारी आत बसले, पंखा फिरू लागला, तोच मोबाइल वाजला. शिरडच्या एसटीडीवरून बाबा ओरडत होते, "लेकरा, उडू देऊ नको! लिंबायेवढ्या गारा हाणून राहिल्या. पत्रे फाटले, शेळी जागीच मेली!"

"गारा येताहेत, उडू नका," असं ओरडत मी पायलटकडे धावलो. पुढाऱ्याच्या माणसाने कॉलर धरून मुस्काटात लगावली. "सभेला उशीर होऊन राहिला, अन् तू उन्हात गारा सांगतो व्हय?"

रक्ताळल्या तोंडाने मी ओरडतच राहिलो. पायलटने माझ्याकडे पाहिलं आणि पंखा बंद केला. थोड्याच वेळात गारांनी मैदान झोडपलं. सभेचा मंडप कोसळला, हेलिकॉप्टरची काच फुटली.

संध्याकाळी घर गाठलं. बाबांच्या डोक्याला बांधलेलं फडकं रक्ताने भिजलं होतं. गारा आल्या तेव्हा ते उघड्या माळावर उभे होते; तिथून गारांतच एसटीडीपर्यंत धावले होते.

"उघड्या माळावर काहून उभे व्हते तुमी?" मी विचारलं.

"तुझी रेघ बघायची होती ना," बाबा म्हणाले.