वीतभर खाली

बास्केटबॉलच्या सरांचा कॉलेजात दरारा असा, की प्राचार्य बदलले, अध्यक्ष बदलले, पण हॉलच्या दारातली सरांची खुर्ची हलवायची कुणाची छाती झाली नाही. घरच्या हॉलमध्ये सरांचा संघ कुणाला हार जात नसे. बाहेर गेला की मात्र हमखास माती खाऊन येई. त्याची कारणंही सरांकडे तयार असत: प्रवास, पाणी, पंच, आणि काहीच सापडलं नाही तर आजकालची मुलं.

खरं कारण हॉलच्या जमिनीत होतं. सर नवे होते तेव्हा अध्यक्षांनी जुन्या फरशीवर मोठ्या थाटात लाकडी फ्लोअर बसवून घेतला. जमीन वर आली, भिंतीतल्या रिंगा होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे खेळणाऱ्याला रिंग वीतभर खाली आली. सरांनी टेप लावून पाहिलं आणि तडक प्राचार्यांना गाठलं.

"रिंगा वर घ्याव्या लागतील साहेब."

"अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन होऊन आठवडा नाही झाला. आता फ्लोअर चुकला म्हणून मी सांगू त्यांना? तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय ना?"

सर समजूतदार. गप्प बसले. पुढच्या सामन्यात पाहुण्यांचे बॉल रिंगेवरून पलीकडे जात राहिले, सरांची पोरं जिंकली आणि वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला. एकदा फोटो आला की माणसाची टेप हरवते. नोकरी कायम झाली, केस गेले, पोट सुटलं, कपाटात कप मावेनासे झाले. दरवर्षी दोन-तीन गुणी पोरं राज्याच्या निवडीला जात. तिथे त्यांचे बॉल रिंगेच्या अलीकडेच आपटत आणि पोरं मान खाली घालून परत येत. सर पाठीवर हात ठेवून म्हणत, "मनगटात जोर नाही बाळा. अभ्यासाकडे बघ आता." पोरं बिचारी वर सरांचे आभार मानत.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा सरांची धाकटी लेक मुलींच्या संघात आली. हात असा, की बघत राहावं. महिनाभरावर आलेल्या निवडीसाठी तिचं नाव गेलं आणि सरांची झोप उडाली. इतकी वर्षं न सापडलेली टेप एका दुपारी सापडली.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी गुपचूप वेल्डर बोलावला. वेल्डर म्हणजे सरांचाच जुना कॅप्टन. निवडीत दोनदा आपटला, मग बॉल सोडून बापाचं दुकान धरलं. शिडीवर चढून त्याने टेप खाली सोडली. पुन्हा एकदा सोडली.

"सर, ही खाली कधीपासून आहे?"

"जमीन दबली असेल जरा."

"जमीन दबली तर रिंग उंच होते सर."

सरांचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. वेल्डरने रिंग वर घेतली, बोल्ट आवळले. तेवढ्यात लेक बॉल घेऊन आत आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने नेहमीच्या जागेवरून बॉल टाकला. अलीकडेच आपटला. दुसराही तसाच. तिसराही.

"बाबा, माझं काय चुकतंय?"

सरांनी तोंड उघडलं. मनगटाचं वाक्य जिभेवर आलंच होतं. वेल्डरने पाना बाजूला ठेवला आणि शिडीवरच बसून तोही उत्तराची वाट पाहू लागला.