मोबाइलमधलं माहेर

घोटीजवळचं आमचं घर मी इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर बसून चालवतो. दाराचं कुलूप, दारावरचा कॅमेरा, गिझर, पाण्याची मोटर, अंगणातले दिवे, सगळं मोबाइलवर. आई गेली, घर रिकामं पडलं, म्हणून ते पर्यटकांना भाड्यानं द्यायला लागलो. पाहुणे येतात, कोड दाबतात, राहतात, जातात. मी त्यांचं तोंडही बघत नाही. मित्रांपुढे काय मिरवायचो मी! चहा पिता पिता तिकडचा पंखा बंद करून दाखवायचो. डोंबलाची हुशारी.

यंदाच्या आखाजीनं ती सगळी उतरवली.

आई मालेगावकडची. त्यामुळे घोटीच्या भातशेतीतही आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी, आणि आखाजी म्हणजे सासरी गेलेली लेक माहेरी येणार, आंब्याला झोका बांधणार. थोरली ताई मनमाडला दिलेली; मेव्हणे रेल्वेत. लग्नापासून तिची एक आखाजी चुकली नाही. ती आली की आई दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकायची. आई गेल्यावरची ही पहिलीच आखाजी, आणि मी नेमकं त्याच दिवसाचं बुकिंग घेतलं. सुट्टीचा सीझन ना! बायकोनं विचारलं, "अहो, ताईंना सांगितलंत का?" म्हटलं, "सांगतो." नाही सांगितलं. मनाची समजूत घातली, आता आईच नाही तर ती कशाला येतेय.

आली. न कळवता, नेहमीसारखी.

सकाळी आमरसासाठी आंबे पिळत होतो, तर मोबाइल वाजला: दारात कुणीतरी आहे. पडद्यावर ताई. डोक्यावर पदर, हातात डबा, सांजोऱ्याच असणार. मागे कधीतरी मीच दिलेला कोड ती एकेक आकडा जपून दाबत होती. पण प्रत्येक बुकिंगला कोड आपोआप बदलतो, हे तिला कोण सांगणार? पुन्हा दाबला. पुन्हा. मग ते कुलूप बोंबलायलाच लागलं. शेजारच्या शेतातली माणसं वळून बघायला लागली. चोरी पकडल्यासारखी ताई मागे सरली आणि हात वर करून त्यांना ओरडून म्हणाली, "अहो, मी इथलीच हाय हो!"

माझा अंगठा मोबाइलवर, कुलपाच्या बटणापाशी होता. नुसता टेकवला असता तरी दार उघडलं असतं. पण दुपारी पाहुणे येणार होते. ताई आत गेली की आईच्या खोलीत बसणार, रडणार, मग पदर खोचून पुरण शिजत घालणार. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू, की ऊठ बाई, लोक येताहेत? ती फोन करील, मग बघू, असं म्हणत मी मेल्या मनाचा बघत बसलो. हातावरचा रस सुकून गेला. तिनं फोन केलाच नाही. पायरीवर जरा वेळ टेकली, पदरानं तोंड पुसलं, उठून दारावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाते गं आई."

येते नाही. जाते. आमच्याकडे घरातून निघताना असं कुणी म्हणत नाही. मी झटकन बटण दाबलं. दार खटकन उघडलं, आतून यंत्रात भरलेला बाईचा गोड आवाज आला, "आपलं स्वागत आहे." ताई तोवर फाटकाबाहेर पोचली होती. त्या कॅमेऱ्यातून हाकही मारता येते. मारली नाही.

संध्याकाळी फोन केला, तोही मीच, आणि वर साळसूदासारखं विचारलं, "ताई, यंदा आली नाहीस?"

"नाही रे जमलं. गाडीच चुकली बघ."

कुलपाचं अवाक्षर नाही. माझी अब्रू तिनं झाकली, जिला मी दारात उभं ठेवलं होतं तिनं. ताई, मी सगळं बघत होतो गं, असं सांगायला तोंड उघडलं. "पुढच्या आखाजीला नक्की ये," एवढंच म्हणालो.

"येईन ना," ताई म्हणाली. "आधी फोन करून विचारीन, मग येईन."