एकाच वर्षाचा नफा आणि तोटा

ते प्रकरण डोक्यातून जात नाही, कारण ते मला पुरते कळलेच नाही. तेव्हा मी सोलापुरात आर्थिक गुन्हे शाखेत होतो. एका टॉवेल कारखान्याचे मालक तक्रार घेऊन आले. हातात एकाच वर्षाचे दोन ताळेबंद होते, एकात नफा, दुसऱ्यात तोटा. हिशेबनीस बाईंनी नफा खाल्ला, दुसरा ताळेबंद चोरून केला, असे म्हणत त्यांनी बाईंना कामावरून काढलेही होते.

दोन हिशेब दिसले की पोलिसाचा हात बेडीकडे जातो. निरोप जाताच बाई स्वतःहून आल्या. दुधनीकडच्या, पन्नाशीच्या, घरात एकट्या कमावत्या. अटक झाली असती, तर एमआयडीसीत त्यांना कोणी दारात उभे केले नसते. महिला शिपायाला शेजारी बसवून मी विचारले, यातला खरा कोणता?

"दोन्ही खरं हायत की, साहेब."

मी चिडलो. बाई शांतपणे सांगत राहिल्या. कारखान्यात एका जर्मन कंपनीची भागीदारी होती, तिला तिकडच्या नियमाने हिशेब लागे. तिकडे तोट्याची शंका आली तरी तो आधी धरायचा, नफा मात्र हातात पडल्याशिवाय नाही. माझे डोके गरगरले. म्हणून ओळखीच्या सीएंना बोलावले, तर त्यांनी आणखी गोंधळ घातला. म्हणे जर्मनीत हिशेबाचे नियम कायद्यातच असतात आणि तो कायदा कर्ज देणाऱ्याची काळजी वाहतो. अमेरिकेत नियम बिनसरकारी मंडळ करते आणि ते शेअर घेणाऱ्याकडे बघते. विलायतेत कित्येक वर्षे हिशेबनीसांच्या संघटनाच नियम ठरवत. आपल्याकडे सीएंची संस्था सुचवते, सरकार जाहीर करते.

"मग चोर कोण?" मी विचारले. "ते आमच्या नियमांत बसत नाही," म्हणत त्यांनी चहा संपवला.

शेवटी हद्दीचा विचार सुचला. ठाण्यात आमचा पहिला प्रश्न तोच असतो, हद्द कुणाची? हिशेबालाही हद्द असते म्हणायची, जर्मन हद्दीत तोटा खरा, आपल्या हद्दीत नफा. पण मालक हटेनात. दुसरा कागद आपण पाहिलाच नाही, हे पालुपद चालूच. मी शेवटचे पान उलटले. दोन्ही ताळेबंदांवर त्यांचीच सही होती, वर कुंकवाचे बोट.

त्यांच्या घरची रीत अशी, की नारळी पौर्णिमेला, विणकरांच्या मार्कंडेय देवाचा रथ निघण्याआधी, वर्षाचे हिशेब कारखान्यातल्या देवापुढे ठेवून सह्या करायच्या.

"वाचलं नाही?" मी विचारले.

"देवापुढचं कागद कोन वाचतंय, साहेब?" मग हळूच म्हणाले, "पन यंदा आमाला नफा झाला का तोटा?"

याचे उत्तर मला आजही देता येत नाही. तक्रार निकाली काढली. मालकांनी तिथेच हात जोडून बाईंना उद्यापासून कामावर या म्हटले. बाईंनी पिशवी उचलली.

"हिशेब दोन देशांचं दोन लिवता येत्यात, मालक. भरवसा एकच हुता."

त्या परत गेल्या नाहीत. पुढे नव्या शिपायांना मी सांगत असे, कागदावर संशय घ्या, पण माणूस ठाण्यात बोलावण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचा. बाईंचा गेलेला भरवसा मात्र त्या वाचनाने परत आला नाही.